रूथबाईंची रिकामी अंडी

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, सरला की शनिवारी दुपारी आमच्या गल्लीत व्हिनेगरचा वास सुटायचा. यंदा सुटला नाही. मी सवयीने दोनदा दारात येऊन उभा राहिलो, शेजारच्या कुलपाकडे पाहिलं आणि परत खुर्चीत येऊन बसलो. पुस्तक मांडीवर होतं, पण पान काही उलटलं गेलं नाही.

रूथबाई माझ्या शेजारी, एका भिंतीपलीकडे राहायच्या. आयुष्यभर मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर नंदुरबारला हे दोन खोल्यांचं घर घेतलं. माहेर नवापूरकडचं. माहेरची माणसं आली की मावची बोलायच्या, गल्लीत अहिराणी, आणि माझ्याशी दवाखान्यातलं स्वच्छ मराठी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात होतो म्हणून मला ‘सर’ म्हणायच्या. ठेंगण्या, सावळ्या, केस घट्ट बांधलेले. चालताना उजवीकडे एकदा, डावीकडे एकदा अशी नजर टाकत चालायच्या, जणू गल्लीच्या दोन्ही बाजूंना खाटा मांडलेल्या आहेत.

दवाखाना त्यांच्यातून कधी गेला नाही. नमस्काराच्या आधी ‘झोप लागते का?’ विचारायच्या. माणसांची नावं विसरायच्या, दुखणी नाही. “कोपऱ्यावरचा हर्निया आज फार घाईत होता,” असं त्या सहज म्हणायच्या आणि मला कळायचं, कोण ते. नळावर भांडण लागलं की मध्ये पडायच्या नाहीत. जी बाई जास्त ओरडत असेल तिचं मनगट धरून नाडी बघत उभ्या राहायच्या. नाडी मोजून होईपर्यंत भांडण थंड व्हायचं.

“तुम्ही भांडण सोडवता कसं, बाई?” मी एकदा विचारलं.

“मी कुठे सोडवते? ती बाई गप्प बसते. नाडी बघताना बोलायचं नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं.”

ईस्टरची अंडी रंगवायला त्या शिकल्या एका गोऱ्या मेट्रनबाईंकडून, नर्सिंग शिकत असताना. मेट्रनबाई कांद्याची सालं आणि बीट उकळून रंग करायच्या. रूथबाईंनी त्यात सुधारणा केली. त्यांचा रंग किराण्यातला, जिलेबीत आणि बिर्याणीत घालतात तो, प्लास्टिकच्या छोट्या डब्यांतला. अंडी पोल्ट्रीची पांढरी, कारण गावठी अंड्यावर रंग मळका दिसतो. आणि उकडायचं भांडं म्हणजे दवाखान्याने मोडीत काढलेला सिरिंज उकळायचा स्टीलचा डबा. त्याला आत जाळीचा ट्रे होता. अंडी ट्रेमध्ये ओळीने मांडायची, ट्रे पाण्यात सोडायचा, झाली की कडीने अलगद उचलायचा. एकही अंडं तडकत नसे. “इंजेक्शनच्या सुया उकळल्या त्यात,” त्या अभिमानाने सांगायच्या. “त्याच्यापेक्षा स्वच्छ भांडं तुमच्याकडे आहे का, सर?” माझ्याकडे नव्हतं.

रंग करीमभाईंच्या दुकानातून यायचा. ईद आणि ईस्टर जवळ आले की त्यांच्या गल्ल्यापाशी हा संवाद ठरलेला.

“सिस्टर, सगळे केशरी नेतात. निळा कोण खातं?”

“कोणी खात नाही, भाई. बघतात.”

“मग आम्ही शेवयांत निळा टाकतो, बघायला.”

“टाका. पण मग मला खायला बोलवू नका.”

निळी डबी मात्र करीमभाईंनी आठवडाभर आधीच मागे काढून ठेवलेली असायची.

पेल्यात गरम पाणी, चमचाभर व्हिनेगर, चिमूटभर रंग. व्हिनेगर चायनीजच्या गाडीवरून आणायच्या. अंडं चमच्याने सोडायचं आणि वाट बघायची. ही वाट बघणं हाच त्यांच्या मते खरा कार्यक्रम होता. कोणी मध्येच काढून बघायला गेलं की हातावर चापटी बसायची. अंडी सुकायला ओट्यावर, वर्तमानपत्रावर. त्या वर्तमानपत्रावर रंगाची वर्तुळं उमटायची. ती पानं त्या मला द्यायच्या. “तुमचा पेपर परत,” म्हणायच्या.

दवाखान्यात असताना ईस्टरच्या सकाळी मुलांच्या वॉर्डात प्रत्येक उशीपाशी एक अंडं ठेवायच्या. एका वर्षी तोरणमाळकडची एक मुलगी पाय मोडून खाटेवर होती. सगळ्यांनी अंडी सोलून खाल्ली, ही खाईना. हिरवं अंडं दोन्ही हातांत धरून बसली. रूथबाई जवळ गेल्या तेव्हा तिने हळूच विचारलं, “हे कुठल्या पाखराचं?” त्यांनी सांगितलं, “कोंबडीचंच आहे गं.” तिला पटेना. तिच्या डोंगरात असल्या पाखराचं अंडं कोणी पाहिलं नव्हतं, आणि पाखरू बाहेर येईल तेव्हा ते हिरवंच असणार याबद्दल तिला शंका नव्हती. मग रूथबाईंनी काय केलं?

“काही नाही. उशीखाली ठेवू दिलं. वास सुटला तेव्हा काढून घेतलं आणि म्हटलं, तुझ्या झोपेत उडून गेलं.” मग म्हणाल्या, “नर्स झाल्यावर खोटं बोललेली मी ती एकदाच. तिचा चेहरा मग मला सोसवला नाही. ती रोज खिडकीकडे बघायची.”

एवढं सांगून त्या उठून आत गेल्या. त्यानंतर खोट्याच्या बाबतीत त्या फारच कडक झाल्या असाव्यात. दुखणेकऱ्यालाही ‘दुखणार नाही’ म्हणायच्या नाहीत. ‘दुखेल, पण थोडंच,’ म्हणायच्या.

चर्चमध्ये नवे, तरुण पाळक आले. त्यांना ही अंडी पसंत नव्हती. उपासनेनंतर ते म्हणाले, “सिस्टर, पवित्र शास्त्रात रंगवलेली अंडी कुठे सांगितलीत?”

“नाही सांगितली. तुमची मोटारसायकलही नाही सांगितली, पाळकसाहेब. पण तुम्ही येता ना तिच्यावर?”

पाळकसाहेब हसले आणि एक लाल अंडं खिशात घालून गेले. ही गोष्ट त्यांनीच मला पुढे रूथबाईंच्या दफनाच्या दिवशी सांगितली.

रूथबाईंना एकच मुलगा, योहान. शहाद्याला नोकरी करायचा. तिथेच त्याचं जागृतीशी जमलं. जागृती शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरी गावातल्या गुजर घराण्यातली. केळी, पपई, ऊस, भरलेलं घर. आणि त्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात शिजत नाही, मग अंड्याचं तर नावच नको. दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. माहेरचं दार बंद झालं. जागृती रूथबाईंकडे राहायला आली.

त्या पहिल्याच ईस्टरला सासूला मदत करायची म्हणून तिने आयुष्यात प्रथम अंडं हातात घेतलं. रूथबाई चर्चमध्ये गेल्या होत्या. उकडलेली अंडी ट्रेमध्ये निवत होती. आता ही नाजूक वस्तू नीट टिकावी म्हणून काय करावं? जागृतीच्या माहेरी वर्षाचा गहू आणि तूरडाळ भरताना एरंडेल चोळतात, कीड लागत नाही. तिने एरंडेलाची बाटली काढली आणि एकेक अंडं हौसेने चोळून चकाचक केलं.

संध्याकाळी रंगात सोडलेली अंडी बाहेर निघाली ती ठिपक्याठिपक्यांची. तेल जिथे लागलं तिथे रंग चढलाच नव्हता. जागृतीचे डोळे भरून आले. मी ओट्यावरच होतो. रूथबाईंनी एक लाल अंडं चष्म्यापाशी नेलं, फिरवून बघितलं.

“कांजण्या,” त्या म्हणाल्या. “सगळ्या वॉर्डाला लागल्यात.”

जागृती घाबरून बघत राहिली.

“काय लावं व पोरी यास्ले?”

“एरंडेल, आई. गहूले लावतस ना, तसं.”

रूथबाई एवढ्या हसल्या की त्यांना भिंत धरून बसावं लागलं. आणि दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या पोरांनी साध्या अंड्यांकडे ढुंकून पाहिलं नाही. सगळ्यांना कांजण्यांचीच हवी होती. पुढच्या वर्षापासून थोडी अंडी मुद्दाम बाजूला काढून जागृतीच्या ताब्यात दिली जायची. “हा तुझा वॉर्ड,” रूथबाई सांगायच्या. जागृतीने मात्र अंडं कधी खाल्लं नाही, आणि रूथबाईंनी कधी आग्रह केला नाही. तिच्यासाठी त्यांनी वेगळा तवाही आणून ठेवला होता.

मग तेजल झाली. तिच्या वाट्याला आजीचे ईस्टर फार आले नाहीत. कोरोनाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात योहान गेला. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्यांची मुलं वाचवली तिला स्वतःच्या मुलाच्या खाटेपर्यंत कोणी जाऊ दिलं नाही. त्याबद्दल त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.

महिन्याभरात जागृतीचे वडील जीप घेऊन आले. लेकीला पाहून त्या मोठ्या माणसाला रडू आवरेना. बंद दार उघडलं होतं, आणि जागृतीला जाणं भाग होतं. तेजल लहान, हाती काम नाही. रूथबाईंनीच तिचे कपडे भरले. विहीणबाई, चंपाबेन, जीपमध्ये बसून होत्या, उतरल्या नाहीत. निघताना मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं, “याहीणबाई, तुम्ही कव्हय बी या. पन पोर आते आठे येवाव नही. तुमना घरमा अंडा-मटन शिजस. आमन्या घरनी रीत तुम्हले माहीत शे.”

रूथबाई म्हणाल्या, “माहीत शे.”

त्यानंतर त्यांचं सगळं जगणं एका गोष्टीवर येऊन थांबलं. नात या घरात यावी. त्यांनी हे कोणाला मागितलं नाही, देवालाही मोठ्याने नाही. पण तेजलच्या मापाच्या चपला त्या दर वर्षी मोठ्या आणून दाराशी ठेवायच्या, आणि दर वर्षी गल्लीतल्या कोणा मुलीला देऊन टाकायच्या.

पुढच्या ईस्टरला त्या रंगवलेली अंडी पिशवीत घालून ब्राह्मणपुरीला गेल्या. संध्याकाळी पिशवी तशीच घेऊन परत आल्या. ओट्यावर चहा मिळाला, विचारपूस झाली, तेजल मांडीवर येऊन बसली. पिशवीत काय आहे कळल्यावर चंपाबेननी ती फाटकाबाहेर ठेवायला सांगितली. रूथबाईंनी ठेवली. येताना उचलली.

“रागावल्या का त्या?” मी विचारलं.

“नाही हो. रागावल्या असत्या तर बरं. त्यांना शिसारी आली. शिसारीवर औषध नसतं, सर.”

त्याच्या पुढच्या वर्षी शनिवारी सकाळी भिंतीपलीकडून मला हाक आली. गेलो तर रूथबाई ओट्यावर बसल्या होत्या, पुढ्यात कच्ची अंडी, आणि हातात सिरिंज. मोठी, जाड सुईची. अंड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून त्या आतला बलक ओढून घेत होत्या. मग त्याच भोकातून पाणी सोडायचं, हलवायचं, ओढून घ्यायचं. पुन्हा पाणी, पुन्हा. शेवटी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात.

“आत काही राहिलं नाही की ते अंडं राहत नाही,” त्या म्हणाल्या, पण मला विचारल्यासारखं. मी पुस्तकं वाचलेला माणूस. मी पुढचं अंडं उचलून त्यांच्या हातात दिलं.

निघालेल्या बलकाची पातेलीभर भुर्जी झाली. गल्लीतल्या खाणाऱ्या घरांत वाटली, मलाही आली. रंगवताना मात्र एक अडचण उभी राहिली. रिकामं अंडं रंगात बुडेना. सोडलं की वर यायचं, एक बाजू पांढरीच. रूथबाईंनी प्रत्येक अंडं चमच्याने दाबून धरलं, रंग चढेपर्यंत. दुपार गेली त्यात. मी एक चमचा धरला होता. माझा हात दुखला. त्यांचा दुखला नसेल असं नाही.

दुसऱ्या दिवशी उपासना झाल्यावर त्या म्हणाल्या, “सर, चला ना माझ्याबरोबर. बोलायला नाही, नुसतं बरोबर.” आम्ही एस.टी.ने शहाद्याला गेलो, तिथून रिक्षाने. पुठ्ठ्याचं खोकं त्यांनी प्रकाशा गावाजवळच्या तापीच्या पुलावर, धक्क्यांतसुद्धा, मांडीवरून खाली ठेवलं नाही.

चंपाबेन ओट्यावर तूर निवडत होत्या. उंच, गोऱ्या, डोक्यावरून पदर. खोकं बघताच त्यांचा हात थांबला.

“याहीणबाई, हाई काय लयनात फिरी?”

“मझार काही नही,” रूथबाई म्हणाल्या. “नुसतं कवच शे. धोयेल शे. हातमा घी पहा.”

चंपाबेननी हातात घेतलं नाही. वाकून बघितलं. “आते नही. पन पहिले व्हतं ना मझार?”

मला वाटलं, इथे रूथबाई काहीतरी सावरून घेतील. “व्हतं,” त्या म्हणाल्या.

“मंग ते कोठे गयं?”

“गल्लीनी खाधं. भुर्जी करी.” आणि माझ्याकडे बोट करून, “या सरस्नी बी खाधी.”

चंपाबेननी माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड पुसलं. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू असेल, नसेलही. मग म्हणाल्या, “खोटं बोलता उनं असतं तुम्हले.”

“उनं असतं,” रूथबाईंनी कबूल केलं.

चंपाबेननी पुन्हा तुरीत हात घातला. आतून तेजल धावत आली. आजीच्या गळ्यात पडायच्या आधी तिने खोक्यात हात घातला, निळं अंडं उचललं, आणि लहान मुलं करतात तसं घट्ट धरलं. ते तिच्या मुठीत चुरा झालं. जागृती दारातून ‘अगं’ म्हणून पुढे झाली. चंपाबेन उठून उभ्या राहिल्या, नातीचा हात पकडला, बोटं उघडली. निळ्या टिकल्यांसारखे तुकडे. ओल नाही, वास नाही. त्यांनी तो तळहात पदराने पुसला, स्वतःच्या पदराने.

“घरमा नही,” त्या म्हणाल्या. “ओटावर खेय.”

त्या दिवशी तेजल ओट्यावर खेळली. येताना रूथबाई बसमध्ये खिडकीशी बसून सगळा रस्ता झोपल्या.

नात घरी यायला मात्र आणखी एक वर्ष जावं लागलं. गेल्या वर्षी ईस्टरच्या शनिवारी रिक्षा गल्लीत थांबली आणि जागृती तेजलला घेऊन उतरली. चंपाबेनची अट एकच होती: रूथबाईंच्या घरातलं काही खायचं नाही. रूथबाईंनी आठवडाभर घरात अंडं-मटण शिजवलं नव्हतं, सगळी भांडी राखेने घासून काढली होती. चंपाबेननी जेवण बरोबर दिलं होतं. पितळी कड्यांचा मोठा डबा. उघडला तर त्यात डाळ-बट्टी, वांग्याची भाजी आणि वरच्या कप्प्यात लापशी.

“एवढं कोण खाणार?” रूथबाई म्हणाल्या.

“नानीनी सांगं, तीनस्नं शे,” तेजल म्हणाली. “आजीले बी वाढजो.”

रूथबाई हात धुवायला गेल्या. कोपरापर्यंत साबण लावून, ऑपरेशनला धुतात तसे, पुष्कळ वेळ धूत राहिल्या. नळ चालू होता. मी हाक मारणार तोच जागृती मला म्हणाली, “सर, त्यांना धुऊ द्या.”

दुपारी तेजलने चमच्याने रिकामी अंडी दाबून धरली. जागृतीने आपला वॉर्ड सांभाळला. निघायची वेळ झाली तेव्हा डब्याचा प्रश्न आला. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही रीत सगळ्यांचीच. पण ह्या घरातलं ब्राह्मणपुरीला चालेल असं होतं काय? रूथबाईंनी मला करीमभाईंकडे पाठवून साखरेची बंद पुडी आणवली, फोडली आणि तशीच डब्यात ओतली. तेजलने त्या साखरेवर एक हिरवं अंडं ठेवलं. रूथबाईंनी ते काढलं. तिने पुन्हा ठेवलं. रूथबाईंनी सुनेकडे पाहिलं, तर तिने झाकण लावलं.

“नानीले आधी सांगजो,” रूथबाई नातीला म्हणाल्या. “मझार काय शे ते आधी सांगजो, मंग उघाड.”

आठवडाभराने जागृती एकटीच आली, तोच डबा घेऊन. भरलेला. हिरवं अंडं ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवलंय, आत नाही, असं तिने सांगितलं. “ओटा काय कमी आहे का?” रूथबाई म्हणाल्या. त्यानंतर तो डबा त्या वाटेवर येत-जात राहिला. इकडून गूळ, शेंगा, दोन वेळा आंबे. तिकडून जे त्या घरात शिजेल ते.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पावसाळ्याआधीच्या एका दुपारी. ऊन असं की गल्लीत कुत्रंही नव्हतं. रूथबाई ओट्याच्या पायरीवर, डोक्यावर पदर घेऊन बसल्या होत्या. शेजारी तो डबा घासून उन्हात पालथा घातलेला. घरात, स्वयंपाकघरात तो वाळवायचा नाही, हा त्यांचा स्वतःचा नियम; कोणी सांगितलेला नव्हता.

“बाई, आत बसा. डबा कोण नेतंय?”

“धूळ बसते, सर. जरा सुकेपर्यंत लक्ष ठेवते.” त्यांनी डब्याला हात लावून बघितलं, तापाच्या माणसाच्या कपाळाला लावतात तसा, आणि पुन्हा तिथेच बसून राहिल्या.